धुतलेल्या आंब्यांचं बक्षीस

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, तर अंजनाबाईचे. अंजनाबाई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको, आमच्याकडच्या बोलीत माझी मोठीमाय. मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो त्या दिवशी भाषणात हे नाव घेतलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या लोकांनी आदरानं माना डोलावल्या. कोणी शिक्षणप्रेमी बाई असतील, एखादं बालमंदिर काढलं असेल, असं त्यांना वाटलं असावं. मोठीमायला अक्षरओळख नव्हती आणि तिचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. पाय वाकत नाही म्हणून ती शेतात जात नव्हती, आणि शेतात जात नाही म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातली सगळी पोरं तिच्या स्वाधीन असायची. माझं खरं शिक्षण झालं ते तिथं, आणि ते मी एकदा चारचौघांत नाकारलं. हे प्रकरण त्याबद्दल आहे.

देऊळघाटच्या पुढे दीड कोसावर, पैनगंगेच्या काठी आमचं गाव. तिघा भावांची घरं एकाच अंगणात, भिंतीला भिंत लागून. उन्हाळ्यात नदीचं पात्र म्हणजे नुसती वाळू. विहिरीवर मोट चालायची तेवढ्या पाण्यावर वांगी आणि मिरची. बाबा आणि काका तांबडं फुटायच्या आत मोटेवर जायचे, बाया कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायला जायच्या, आणि अंगणात उरायची मोठीमाय आणि आम्ही. आम्ही म्हणजे तिन्ही घरची सहा-सात पोरं आणि माहेरपणाला आलेल्या आत्यांची चार-पाच. कोणी रांगणारं, कोणी मिसरूड फुटायच्या बेतातलं. त्यांना दिवसभर उन्हातून, विहिरीपासून आणि एकमेकांपासून वाचवायचं, शिवाय जिवंत ठेवून हसतं ठेवायचं, आणि तेही घरात एकही विकतचं खेळणं नसताना. मोठीमायला कोणी हे काम म्हणून सांगितलं नव्हतं. तिनंही ते कधी काम म्हणून सांगितलं नाही.

माझा नातू अकोल्यात राहतो. गेल्या उन्हाळ्यात त्याला एका शिबिरात घातलं. त्याचं गुळगुळीत कागदावरचं पत्रक मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. 'मातीशी मैत्री' नावाचा एक तास होता. माती पिशवीतून यायची, मुलांच्या अंगावर प्लॅस्टिकचं आवरण चढवायचे, आणि मैत्री आटोपली की हात औषधी साबणानं धुवून घ्यायचे. शेवटच्या दिवशी पालकांना बोलावून मुलांनी केलेला एकेक मातीचा गोळा दाखवला. माझ्या सुनेनं तो काचेच्या कपाटात ठेवला आहे. शहाण्या लोकांच्या घरात राहायचं तर म्हाताऱ्यानं गोळ्याचं कौतुक करावं.

मोठीमायची रीत अशी होती की तिला जे करून घ्यायचं असे त्याचा ती मान करून ठेवायची. कुरडयांसाठी गहू भिजत घातले की तीन दिवस पोरं त्या आंबूस वासाभोवती घुटमळत. चौथ्या दिवशी चीक शिजला की पहिला घास कोणाला, हे कावळे ठरवायचे. म्हणजे असं, की आधीच्या वाळवणावर पहारा बसायचा. प्रत्येकाच्या वाटणीला अंगणाचा एक कोपरा, आणि ज्याच्या कोपऱ्यात कावळ्यानं चोच घातली नाही त्याला पहिला चीक, वर तेल, तिखट, मीठ. आम्ही कावळ्यांना नावं ठेवली होती, एका लंगड्या कावळ्याशी तर आमचं खरंखुरं वैर होतं. भर दुपारी सारवलेल्या जमिनीवर पाणी शिंपडून ती दार ओढून घ्यायची आणि 'मुकी भाकर' सुरू व्हायची. दाराच्या फटीतून आलेली उन्हाची रेघ उंबऱ्यापासून जात्यापर्यंत सरकेस्तोवर जो बोलणार नाही, त्याला संध्याकाळच्या भाकरीवर लोण्याचा गोळा. ती रेघ सरकायला तास-दीड तास लागायचा. तेवढ्यात मोठीमायची झोप व्हायची. हा खेळ तिनं स्वतःच्या झोपेसाठी काढला होता हे मला पुष्कळ वर्षांनी उमगलं. सुनेकडच्या एका पुस्तकात याला एकाग्रतेचा व्यायाम म्हटलं आहे, आणि तो तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावा अशी तळटीपही आहे.

पण तिचा सगळ्यात मोठा खेळ आंब्यांचा. ओढ्याच्या काठावर आमची पाच झाडं होती आणि ती तिघा भावांत वाटलेली होती. शेंदऱ्या आणि केळ्या थोरल्या काकांकडे, गोटी आणि खोबऱ्या आमच्याकडे, शेप्या धाकट्या काकांकडे. झाडांची वाटणी झाली तरी अंधारी खोली तिन्ही घरांत मिळून एकच, त्यामुळे पाचही झाडांची आढी तिथंच पडायची, पळसाची पानं आणि गवत घालून. उजेडात आंब्यांतला फरक डोळ्यांना दिसतो. पण त्या खोलीत दिवा न्यायचा नाही अशी मोठीमायची सक्त ताकीद, कारण गवत. आणि तिचा पाय वाकत नसल्यानं आढीत हात घालायची तिची सोय नव्हती. म्हणून पिकलेला आंबा कोणत्या झाडाचा हे अंधारात ओळखून ज्याच्या त्याच्या टोपल्यात टाकायचं काम पोरांचं. एकाचा आंबा दुसऱ्याच्या टोपल्यात गेला तर संध्याकाळी तीन जावांत जे ऐकू येई ते ऐकण्यासारखं नसे. म्हणून ती आम्हाला वास शिकवायची. डोळे मिटायला लावून आंब्याचं देठ नाकाशी धरायची.

"देठाशी हुंग. पोटाशी काय हुंगतं? पोटाशी सगळे आंबे सारखेच," ती म्हणायची. "हं, आता सांग. कोणाचं लेकरू हाये हे?"

शेप्याला शेपूच्या भाजीचा उग्र वास, तो कोणीही ओळखी. खोबऱ्याला वाटीतल्या खोबऱ्यासारखा कोरडा. अवघड होते ते शेंदऱ्या आणि गोटी. रूप पाहिलं तर शेंदऱ्या नारळाएवढा आणि गोटी लिंबाएवढी, पण डोळे मिटून, हात मागे बांधून नुसत्या वासावर सांगायचं तर भलेभले चुकत. त्या दोघांत कधीच न चुकणारी एकटी शांती होती. शांती मोठीमायची धाकटी मुलगी, माझ्याहून वर्षानं मोठी. मी दहात दोनदा चुकायचो. मग शांती म्हणायची, "भान्या, तुहं नाक नुसतं शेंबडासाठी हाये."

शांती आदल्या वर्षी चौथी पास होऊन घरी बसली होती. गावात शाळा चौथीपर्यंतच होती आणि पुढे मुलीला कोण पाठवतो. त्या वर्षी मी चौथी पास झालो. माझ्यासाठी बाबांनी मोटेचे बैल ठरवून ठेवले होते. बाबा वाईट नव्हते. घरात कोणी पाचवी पाहिली नव्हती, तेव्हा ती कशासाठी असते हे त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. त्याच सुमारास गुरुजींनी बातमी आणली की बुलढाण्याच्या एका वसतिगृहात आमच्या भागातला एक मुलगा जेवूनखाऊन फुकट घेणार आहेत, आणि तो कोण हे त्या वसतिगृहाचे अध्यक्ष ठरवणार. अध्यक्ष म्हणजे शहरातलं बडं प्रस्थ. त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्या नावाचा चौक आहे, तेवढा सन्मान पुरे. बाबांना मी विचारलं, तर ते म्हणाले, "एवढ्या लेकरांत तुलेच काऊन घेतीन थे? घेतलं तं जाय. नाही घेतलं तं ज्येष्ठात मोटेवर ये." एवढ्यावर माझा जीव टांगलेला होता. मला मोटेवर जायचं नव्हतं. बैलांच्या मागे उलटं चालत जाणाऱ्या बाबांचा चेहरा मी रोज पाहत होतो.

आणि त्याच उन्हाळ्यात गावावर शिबिर आलं. राज्य नवं होतं, साहेब लोक गावोगाव हिंडून सुधारणा करत होते. तालुक्याच्या कचेरीतल्या एका साहेबांची बायको पुण्याची. तिला सुट्टीत खेड्यातल्या मुलांची कीव आली. या मुलांना सुट्टीत काही करमणूक नाही, असं तिनं आमच्या चावडीपुढच्या मांडवात उभं राहून सांगितलं. आम्ही सगळे खाली बसून ते ऐकत होतो. तोवर आम्हाला करमणूक नाही ही बातमी आमच्यापर्यंत पोचली नव्हती. शिबिराचं नाव 'बालरंजन'. समारोपाला ते वसतिगृहाचे अध्यक्ष येणार आणि तिथंच मुलगा निवडणार, हे कळल्यावर गावातल्या प्रत्येक बापानं आपलं पोर मांडवात नेऊन बसवलं.

बाईंकडे एक शिट्टी होती. शिट्टी वाजली की हसायचं, दुसऱ्यांदा वाजली की थांबायचं, असा एक कार्यक्रम होता. 'शुद्ध बोला' नावाचा दुसरा. जो 'मले' म्हणेल त्यानं एका पायावर उभं राहायचं. पहिल्या दिवशी सगळा मांडव बगळ्यांसारखा एका पायावर उभा होता, दुसऱ्या दिवसापासून कोणी तोंडच उघडलं नाही. बाईंनी ते शिस्तीच्या रकान्यात लिहून घेतलं. सगळ्यात थोर प्रकार 'टाकाऊतून टिकाऊ' हा. बाई म्हणाल्या, उद्या प्रत्येकानं घरातल्या टाकाऊ वस्तू घेऊन या, रिकाम्या काड्यापेट्या, बाटल्या, जुनी वर्तमानपत्रं. आता आमच्या घरात टाकाऊ काय होतं? खरकटं म्हशीला जायचं, राख भांड्यांना, चिंध्या गोधडीला, आंब्याच्या कोया भाजून पोरांच्या पोटात. बाटली होती ती एकच, तिच्यात कंदिलाचं तेल. मी मोठीमायला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ चुलीपुढे विचार करत बसली. मग भरलेल्या काड्यापेटीतल्या काड्या तिनं डब्यात ओतून ठेवल्या आणि पेटी माझ्या हातात दिली.

"घे, झाली टाकाऊ," ती म्हणाली. "त्या बाईले म्हणा, आमच्या घरी फेकाले काही राहत नाही, आमाले माफी दे."

गावात त्या दिवशी अशा कितीतरी काड्या डब्यांत पडल्या. पुढे पावसाळ्यात त्या सादळल्या आणि घरोघरच्या बाया शेजारणीकडे विस्तव मागत हिंडल्या. काड्यापेट्यांची आगगाडी मात्र झाली. बाई ती आपल्या बंगल्यावर घेऊन गेल्या.

वैशाख अर्धा सरला आणि आंबे उतरले, तशी मांडवातली हजेरी घटली. आढी सोडून शिट्टीवर हसायला कोण जाणार. एके सकाळी बाई स्वतःच आमच्या दारात. पायांत उंच चपला, डोक्यावर छत्री, मागे छत्रीच्या सावलीत गुरुजी. त्याच वेळी अंधाऱ्या खोलीतून आम्ही सात-आठ जण एकेक आंबा घेऊन बाहेर पडत होतो, अंगाला गवत चिकटलेलं.

"तुम्ही मुलांना अंधारात कोंडता?" बाईंनी मोठीमायला विचारलं.

"कोंडत नाही, बाई. आंबे काहाडून राह्यले. बसा ना, पाणी पिता?"

"कंदील का देत नाही?"

"गवत पेटते. अन् उजेड कायले पाह्यजे? नाक हाये ना त्याहीले."

तेवढ्यात शांतीनं हातातला आंबा देठाशी हुंगला आणि न बघता थोरल्या घरच्या टोपल्यात टाकला. बाईंनी ते पाहिलं. मग एकेका पोराला डोळे मिटायला लावून पाहिलं. मोठीमाय एका बाजूला पाय लांबवून बसली होती आणि कोण कुठं चुकलं ते सांगत होती. बाईंचा चेहरा उजळत गेला. त्या गुरुजींकडे वळून म्हणाल्या, "किती सुंदर कल्पना आहे माझी. समारोपाला डोळे बांधून आंबे ओळखण्याची स्पर्धा ठेवू." कल्पना कुणाची झाली हे गुरुजींच्या ध्यानात आलं असावं, कारण ते छत्रीकडे पाहू लागले. मोठीमायला काहीच खटकलं नाही. तिनं पाचही झाडांचे निवडक आंबे फडक्यात बांधून बाईंना दिले आणि जाताना बजावलं, "धुऊ नका हो मातर. देठाले पाणी लागलं का वास जाते."

समारोपाच्या दिवशी मांडवाला आंब्याची डहाळी, खुर्च्यांवर चादरी. पुरुष एकीकडे, बाया एकीकडे. अध्यक्ष जीपमधून आले, त्यांना ऐकवायला बसवलेलं स्वागतगीत आम्ही म्हटलं. ते गीत चालू असताना अध्यक्ष पंख्यानं वारा घेत सरपंचांशी बोलत होते. मग बाईंनी घोषणा केली, आणि त्यांच्या नोकरानं पाच ताटल्यांत आंबे आणले. आंबे चकचकीत होते. गावात कॉलऱ्याची आवई होती म्हणून बाईंनी ते सगळे एका घंगाळात, विहिरीत टाकायच्या लाल औषधाच्या पाण्यानं चोळून चोळून धुतले होते. अध्यक्षांपुढे आणायची वस्तू, ती घाणेरडी कशी आणणार. डोळ्यांवर बांधायला बाईंनी स्वतःचा रुमाल दिला. त्याला पावडरीचा असा भपकारा होता की डोळे बांधले की नाकही बांधल्यासारखं व्हायचं.

पहिली शांती. बाईंनी एक आंबा तिच्या नाकाशी धरला. शांतीनं हुंगलं, पुन्हा हुंगलं, मान हलवली.

"बाई, याले आंब्याचा वासच नाही. दवाईचा येऊन राह्यला."

"नाव सांग आंब्याचं."

"धुतलेल्या आंब्याचं कसं सांगू? सगळे एकसारखेच झाले. देठ बी घासलं तुमी."

लोकांत खसखस पिकली. बाईंचे कान लाल झाले. "म्हणजे येत नाही. बस खाली," त्या म्हणाल्या. शांती रुमाल सोडून त्यांच्या हातात देऊन खाली बसली. तिच्यानंतर दोन पोरं गेली. तीही अडखळली आणि घाबरून गप्प झाली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मग माझं नाव पुकारलं.

रुमालाच्या आत काळोख होता. नाकात पावडर आणि औषध, दुसरं काही नाही. पण तोवर मला एक गोष्ट कळली होती, आणि ती कळायला नाक लागत नव्हतं. बाईंना अध्यक्षांपुढे कोणीतरी जिंकायला हवं होतं. मी ठासून म्हणालो, "शेंदऱ्या." मग पुरुषांकडून कोणीतरी म्हणालं, "अवो, थे तं गोटी हाये, लिंबाएवढी," आणि सरपंचांनी त्याला दटावलं. बाई म्हणाल्या, "बरोबर." पुढचे चार आंबे मी तसेच सांगितले, एकही न हुंगता, आणि चारही बरोबर निघाले. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्या गावाला डोळे होते. गोटीला शेंदऱ्या म्हटलेलं त्यांनी पाहिलं होतं. पण साहेबाची बायको बरोबर म्हणते म्हटल्यावर दहा पिढ्या ओळखलेला आंबाही त्यांना ओळखू येईना.

अध्यक्षांनी मला जवळ बोलावलं. रुमाल सुटला तसा उजेडात पहिल्यांदा मला दिसली ती मोठीमाय, बायांच्या कडेला, मांडवाच्या मेढीला टेकून, उजवा पाय पुढे लांब केलेला. अध्यक्ष म्हणाले, "हुशार आहेस. हे तुला कोणी शिकवलं?"

मी म्हणालो, "मला बाईंनी शिकवलं. शिबिरात."

इतकं शुद्ध मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. अध्यक्ष बाईंकडे पाहून हसले, बाईंनी पदर सावरला, आणि गुरुजींनी माझं नाव कागदावर लिहून घेतलं. बक्षीस म्हणून रंगीत पेन्सिलींची पेटी मिळाली. मी ज्यांची इतकी टिंगल करतो आहे त्या मांडवातल्या सगळ्या लोकांत सर्वांत हलकं काम कोणी केलं असेल तर ते मी केलं, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात आलं असेलच.

संध्याकाळी मी मोठीमायच्या घराकडे गेलो नाही. तिनंच बोलावणं पाठवलं. ती परातीत रस काढत होती. बाजूला शांती कोया चोखत बसली होती.

"काऊन बे, तोंड पाडून फिरून राह्यला?" मोठीमाय म्हणाली. "नंबर लागला ना बुलढाण्याचा?"

"हाव."

"मंग झालं. माहं नाव घेतलं असतं तं थो मले थोडाच नेणार होता वसतिगृहात? पाय तं हा असा." ती स्वतःच हसली. मग परातीवरचा हात थांबवून म्हणाली, "पण शांतीले तू हरवलं नाही. हे ध्यानात ठेवजो."

"थो काय ध्यानात ठेवते," शांती म्हणाली. "बाईचा पोपट." पेन्सिलींची पेटी मी तिच्यापुढे सरकवली. तिनं ती कोयीच्या टोकानं परत माझ्याकडे ढकलली आणि उठून गेली. मोठीमायनं रसाची वाटी माझ्यापुढे ठेवली.

ज्येष्ठात मी मोटेवर गेलो नाही, बुलढाण्याला गेलो. वसतिगृहातल्या भाकरीवर वाढलो, शिकलो. ज्यांच्या अन्नावर शिकलो त्या अध्यक्षांचाही मी ऋणी आहे आणि ते मी नाकारत नाही. मला राग आहे तो फक्त त्यांना दिलेल्या उत्तराचा. दर उन्हाळ्यात घरी यायचो, मोठीमाय नव्या पोरांना वास शिकवत असायची, मला आंबे द्यायची, आणि त्या दिवसाचं अवाक्षर काढायची नाही. शांतीचं लग्न झालं, ती मोताळ्याकडे दिली. माहेरी आली की माझ्याशी नीट बोलायची, पाहुण्याशी बोलतात तसं. मी सांगू सांगू म्हणायचो आणि परत जायचो.

मग अमरावतीला मी बी. ए. झालो. घराण्यातला पहिला, गावातलाही पहिला. बाबांनी गुरुजींकडून पत्र लिहवून घेतलं, की गाव तुझा सत्कार करणार आहे, चावडीपुढे मांडव घालणार आहेत, अध्यक्षांना आणि त्या बाईसाहेबांना मुद्दाम बोलावलं आहे, तरी तुला ज्यांनी पुढे आणलं त्या बाईसाहेबांचे आभार मानायचं चांगलं भाषण तयार करून ये. ते पत्र मी खोलीवर दोन दिवस उशाशी ठेवलं. तिसऱ्या दिवशी मोठीमायला लिहायला बसलो. तिला वाचता येत नाही, वैशाखात शांती माहेरी असते, तेव्हा पत्र शांतीच वाचणार आणि सगळी पोरं, आया भोवती बसून ऐकणार, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच ते टपालानं पाठवलं. त्याचा कच्चा मसुदा माझ्याजवळ राहिला, तो जसाच्या तसा देतो.

तीर्थरूप मोठीमायस,
शिरसाष्टांग नमस्कार.

शांते, हे पत्र अंगणात सगळे असताना मोठ्यानं वाच. मधलं काही गाळू नको आणि माझी लाज राखू नको.

मोठीमाय, मी पास झालो. बाबांनी तुला सांगितलंच असेल. आता जे सांगतो ते तुला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस. त्या समारोपाच्या दिवशी मी एकही आंबा ओळखला नव्हता. जे तोंडाला आलं ते बोललो. आणि अध्यक्षांनी विचारलं की कोणी शिकवलं, तर तू समोर बसलेली असताना मी दुसरीचं नाव घेतलं. मला भीती वाटली की तुझं नाव घेतलं तर ते मला नेणार नाहीत. लुगडं गुडघ्यावर घेऊन बसलेली, पाय पसरलेली बाई काय शिकवणार, असं त्यांना वाटेल, असं मला वाटलं. म्हणजे ते त्यांना वाटण्याआधी मलाच वाटलं. तू मला त्या दिवशी रस वाढलास. मारलं असतंस तर बरं झालं असतं.

शांते, आता तुझ्यासाठी. तू खरं बोललीस आणि तुला खाली बसवलं. मी खोटं बोललो आणि मला बी. ए. केलं. तू मला पोपट म्हणालीस ते बरोबर होतं. तुझी माफी मागतो. ती द्यायचीच असं नाही.

गावात माझा सत्कार ठरला आहे. मला बाईसाहेबांचे आभार मानायला सांगितलं आहे. ते मी मानणार नाही. आलो तर त्याच मांडवात, अध्यक्षांसमोर, हे पत्रात लिहिलं आहे तेच बोलेन. मग बाबांना खाली मान घालावी लागेल, गुरुजींना त्रास होईल, आणि बाई काय म्हणतील ते म्हणतील. तुम्हा दोघींना गावात राहायचं, येणंजाणं करायचं आहे, मला नाही. म्हणून तुम्ही ये म्हटलं तरच येतो. नको म्हटलं तर आजारी आहे असं कळवीन. ते माझं शेवटचं खोटं.

मोठीमाय, तुझं उत्तर शांतीकडूनच लिहून घे. पण तू ये म्हणालीस आणि शांती नको म्हणाली, तर तिनं तिचं 'नको'च लिहावं. मी तेच ऐकेन.

तुझा,
भान्या